पोळी कोणाची, टाळी कोणाची?

आमचा गाव खाडीकाठी, कोकणातल्या एका रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला. पावसाळा सरला की एखाद्या सकाळी बोय मासे पोट वर करून किनाऱ्याला लागलेले दिसतात. मग ठरलेलं सगळं होतं. मोहल्ल्यातली पोरं व्हिडिओ काढतात. भोईवाडीतली माणसं आणि आमची माणसं मिळून निवेदन देतात. अधिकारी येतात, बाटल्यांत पाणी भरून नेतात. महिना-दीड महिन्यानं तोंडी उत्तर मिळतं की नमुने मर्यादेत आहेत. अब्बा आखातातून कायमचे परत आल्यापासून पाग घेऊन खाडीत उतरायचे. ते दर वेळी मला विचारायचे, "तू इंजिनिअर ना? मग मर्यादेत म्हणजे कशाच्या मर्यादेत, ते सांग."

मला सांगता यायचं नाही. मी कॉम्प्युटरचा इंजिनिअर. पाण्याशी माझा संबंध पिण्यापुरता.

आज थोडंफार सांगता येतं, कारण गेली काही वर्षं मी सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून पर्यावरण लेखापरीक्षणाच्या, म्हणजे सगळे ज्याला एन्व्हायर्न्मेंट ऑडिट म्हणतात त्या कामात शिरलो आहे. तुमच्यातल्या काहींनी या कामात यावं असं मला वाटतं. पण हे काम जसं आहे तसं सांगितल्याशिवाय कुणाला या म्हणणं बरोबर नाही. त्यात एक मोठी खोट आहे आणि ती खोट मी स्वतः खाल्लेली आहे.

२०१४ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर आणि सांडपाण्याच्या नळावर सतत मोजणारी यंत्रं बसवायचे निर्देश दिले. यंत्र मोजणार, आकडा थेट मंडळाच्या सर्व्हरवर जाणार. मधल्या वाटेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत मी पुण्यात कामाला होतो. एकदा रात्रपाळीत एका चिमणीचा धुळीचा आकडा पाहिला, ४८. पंधरा मिनिटांनी ४८. मागचे दिवस उघडून पाहिले, तर सलग तीन दिवस ४८. चुलीवरचं दूधसुद्धा एका उंचीवर उभं राहत नाही, बॉयलरचा धूर कसा राहील? वरिष्ठांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "पैसे कारखाना देतो, मंडळ नाही. मर्यादा ओलांडली का? नाही ना? मग तिकीट बंद कर."

मी तिकीट बंद केलं. पुढच्या वर्षी पाच दिवसांच्या लीड ऑडिटर अभ्यासक्रमाचे पैसे भरले. तेव्हाच्या पगारातला मोठा भाग त्यात गेला आणि घरी कुणाला ते पटलं नाही.

'पर्यावरण ऑडिट' या एका नावाखाली चार-पाच वेगवेगळी कामं चालतात, आणि करिअर मार्गदर्शनवाले ती सगळी एकाच टोपलीत टाकतात. म्हणून आधी ती वेगळी करतो.

पहिलं कायद्याचं. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये नियम १४ आहे. ज्या कारखान्याला जल कायदा १९७४ किंवा वायू कायदा १९८१ खाली मंडळाची संमती लागते, किंवा घातक कचऱ्यासाठी परवाना लागतो, त्यानं ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचं. हा फॉर्म पाच. पाणी किती वापरलं, कच्चा माल किती लागला, बाहेर काय आणि किती सोडलं, घातक कचरा किती निघाला, हे सगळं त्यात असतं. १९९२ च्या मूळ अधिसूचनेत याला 'ऑडिट अहवाल' म्हटलं होतं, १९९३ मध्ये ते 'विवरणपत्र' झालं. हा शब्दांचा खेळ नाही. ऑडिट दुसरा करतो, विवरण आपलं आपण भरायचं असतं.

दुसरं आयएसओ १४००१ चं. ही १९९६ साली आलेली आंतरराष्ट्रीय मानकप्रणाली, त्यातली २०१५ ची आवृत्ती आज बहुतेक कारखान्यांच्या भिंतीवर फ्रेममध्ये दिसते. पण त्या प्रमाणपत्राचा अर्थ कारखाना स्वच्छ आहे असा होत नाही. पर्यावरणाचा कारभार चालवायची पद्धत कारखान्यानं बसवली आहे, एवढाच होतो. माझं शिक्षण याच दारानं झालं, म्हणून त्याची किंमतही मला ठाऊक आहे आणि मर्यादाही.

याशिवाय परदेशी खरेदीदार आपल्या पुरवठादारांची तपासणी करवतात, कपडा-चामड्याच्या धंद्यात हे जास्त. सेबीनं मोठ्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केल्यापासून त्यातले आकडे तपासणाऱ्यांना मागणी आली आहे. तिथे सॉफ्टवेअरवाल्यांचा आणि कॉमर्सवाल्यांचाही शिरकाव होतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण ते काम बहुतेक वातानुकूलित खोलीत होतं आणि मला सांगायचं आहे ते चिमणीखालचं.

ऑडिटला गेलो की पहिला तास मी कारखाना पाहत नाही. संमतीपत्र मागतो, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात. उत्पादन किती, सांडपाणी दिवसाला किती घनमीटर, इंधन कोणतं, चिमणी किती उंच, सगळं त्यात लिहिलेलं असतं. कोकणातल्या निम्म्या वादांचं उत्तर या कागदात असतं आणि मोर्च्यात तो कुणाच्या हातात नसतो.

मग हिशेब. सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पाला, ईटीपीला, हवा पुरवणारा ब्लोअर असतो. समजा तो १० अश्वशक्तीचा आहे, म्हणजे अंदाजे साडेसात किलोवॅट. चोवीस तास चालला तर दिवसाला १८० युनिट, महिन्याला ५४००. आता ईटीपीचा वेगळा वीजमीटर पाहायचा. तिथे महिन्याला १४०० युनिट दिसले, तर मोटर पूर्ण ताकदीनं चालत नसेल, मधे बंद ठेवली असेल, अशी सगळी सूट देऊनही प्रश्न उरतोच की बाकीचे दिवस जिवाणूंना हवा कुणी दिली? रजिस्टरमध्ये मात्र रोज सकाळी सहा वाजता एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात 'चालू' लिहिलेलं असतं. या हिशेबाला सातवीचं गणित पुरतं. लागतो तो मीटरजवळ जाऊन उभं राहायचा कंटाळा न करणं.

तसंच गाळाचं. पाणी खरंच शुद्ध होत असेल तर मागे गाळ उरलाच पाहिजे. चुना आणि तुरटी किती विकत आणली त्याची बिलं पाहायची, गाळ किती निघाला ते पाहायचं, आणि तो अधिकृत विल्हेवाट केंद्राला गेल्याची मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीची पावती. नियमाप्रमाणे घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही. चुना भरपूर आणि गाळ नाही, असं दिसलं की समजायचं, गाळ कुठेतरी गेला आहे. कुठे, ते पावसाळ्यात ओढ्याकाठी राहणाऱ्यांना विचारावं.

आणि हो, मर्यादा. अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मानकं अशी: बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी २५०, सामू साडेपाच ते नऊ. ही मर्यादा कारखान्याच्या नळाच्या तोंडाशी मोजायची असते. मासे मेल्यावर दुसऱ्या दिवशी, दोन भरत्या येऊन गेल्यावर, खाडीच्या मधोमध बाटली भरली तर ती बहुधा मर्यादेतच निघणार. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चोर पळाल्यावर रिकाम्या खोलीचा पंचनामा." पंचवीस वर्षं क्रेन चालवलेल्या माणसाला हे एका वाक्यात कळलं.

आता ती खोट.

शिकाऊ ऑडिटर म्हणून माझी तिसरी की चौथी फेरी होती. एका मध्यम आकाराच्या कारखान्यात ईटीपीच्या मागे जमिनीत गेलेला एक पाइप दिसला. नकाशात तो नव्हता. मी तो मोठा दोष म्हणून लिहिला, आमच्या भाषेत मेजर. दुपारी जेवण झाल्यावर आमच्या टीमच्या प्रमुखांनी मला बाजूला घेतलं. पाइप वापरात नाही असं कारखाना म्हणतो, आपण 'निरीक्षण' म्हणून नोंदवू, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी बघू, कारण पुढच्या वर्षीचं कंत्राटही याच कारखान्याच्या हातात. मी वाद घातला नाही. मला माझ्या वहीत ऑडिटचे दिवस भरून हवे होते, कारण ते भरल्याशिवाय पुढची पायरी मिळत नाही. अहवालात 'निरीक्षण' गेलं. त्याखालच्या टीममध्ये माझं नाव आहे.

आपल्याकडे म्हणच आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. हे फक्त माझ्या टीम प्रमुखाचं नाही, सगळ्या व्यवस्थेचं वर्णन आहे, आणि त्याचा पुरावा शेजारच्या राज्यात आहे. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं १९९६ पासून जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या ऑडिटरकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. प्रयोगाच्या वेळी ऑडिटर कारखानाच निवडायचा, पैसेही तोच द्यायचा. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात मंडळाबरोबर अहमदाबाद-सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांत दोन वर्षं प्रयोग केला. जुन्याच पद्धतीनं चाललेल्या कारखान्यांत ऑडिटरांच्या म्हणण्याप्रमाणे चिमणीतल्या धुळीची मर्यादा ओलांडणारे होते फक्त ७ टक्के. स्वतंत्र लोकांनी जाऊन पुन्हा मोजलं तर निघाले ५९ टक्के. ऑडिटरांचे आकडे १५० या मर्यादेच्या जरासे खाली येऊन गर्दी करून बसले होते. माझी ४८ ची सरळ रेघ मला तिथे पुन्हा भेटली.

प्रयोगातल्या दुसऱ्या गटात चार गोष्टी बदलल्या. ऑडिटर चिठ्ठ्या टाकल्यासारखा नेमून द्यायचा. पैसे एका सामाईक निधीतून, ठरावीक दरानं. काही तपासण्यांची फेरतपासणी. आणि दुसऱ्या वर्षी आकडा जितका खरा तितका मोबदला जास्त. मर्यादा ओलांडणाऱ्याला 'मर्यादेत' म्हणायचं प्रमाण ८० टक्क्यांनी घसरलं. एवढंच नाही, खरे आकडे मंडळाकडे जाऊ लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. हा निबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या इतर कामासह.

मला यातली मोलाची गोष्ट ही वाटते की दोन्ही गटांतल्या ऑडिटरांचं शिक्षण सारखंच होतं, यंत्रंही तीच. फक्त पोळी कोण देतो ते बदललं.

यावर काही मित्र म्हणतात, मग व्यवस्था सुधारेपर्यंत अशा धंद्यात जायचंच कशाला? यात तथ्य आहे. पण एक बदल झाला आहे. २९ ऑगस्ट २०२५ ला केंद्रानं पर्यावरण लेखापरीक्षण नियम २०२५ अधिसूचित केले. आता ऑडिटरच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली प्रमाणित ऑडिटरची, पूर्वीच्या अनुभवाची दखल घेऊन किंवा राष्ट्रीय परीक्षा देऊन. दुसरी नोंदणीकृत ऑडिटरची, आणि प्रत्यक्ष ऑडिट यांनाच करता येणार. हे सगळं पाहायला एक नियुक्त संस्था असेल. आणि कोणता ऑडिटर कोणत्या प्रकल्पाला, हे सोडतीसारख्या पद्धतीनं ठरेल. गुजरातच्या चार गोष्टींतली पहिली नियमात आली. फेरतपासणी किती कडक होते आणि पैसा कुणाच्या हातून येतो यावर बाकीचं अवलंबून आहे, तिथे डोळा ठेवावा लागेल. मंडळांनी आपली स्वतःची तपासणी सोडून देऊन सगळं ऑडिटरांच्या गळ्यात घातलं, तर त्यालाही मी विरोध करीन. पण नवीन फळी उभी राहते आहे आणि तिच्यात कोण असेल हे या चार-पाच वर्षांत ठरेल. पात्रतेच्या अटी मूळ राजपत्रातच वाचा, व्हॉट्सॲपवर आलेल्या पोस्टरवर नाही.

मग या वाटेनं जायचं कसं?

रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्रात बी.एस्सी.-एम.एस्सी., केमिकल, सिव्हिल किंवा एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग, ही सरळ वाट. पुणे आणि कोल्हापूरच्या विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राचे विभाग आहेत, नागपुरात नीरी ही राष्ट्रीय संस्था आहे. माझ्यासारखा वाकड्या वाटेनंही येऊ शकतो, पण मग दुप्पट अभ्यास. मी रात्री जागून बीओडी म्हणजे काय हे शिकलो, जे बी.एस्सी.च्या मुलीला आधीच येतं.

पहिली नोकरी ऑडिटरची मिळत नाही, मिळाली तर संशय घ्या. ती घ्यावी प्रयोगशाळेत, नमुने गोळा करणाऱ्या टीममध्ये. मान्यताप्राप्त प्रयोगशाळा असेल याची खात्री करा. चिमणीवर तीस-चाळीस मीटर शिडीनं चढून, उन्हात तापलेल्या कठड्यावर उभं राहून धुळीचा नमुना घेतलेला माणस पुढे कागद पाहूनच सांगतो की हा नमुना वर चढून घेतला की खाली चहाच्या टपरीवर. नाहीतर कारखान्यात ईटीपीवर केमिस्ट म्हणून जावं. पगार सुरुवातीला आयटीच्या जवळपासही नसतो, हे लपवत नाही. आमच्या टीममधली सगळ्यात तयार ऑडिटर सहा वर्षं ईटीपी चालवून आलेली आहे. तिच्यासमोर रजिस्टर उघडलं की ऑपरेटर आपणहून खरं बोलायला लागतो.

दोन-तीन वर्षांनी लीड ऑडिटरचा पाच दिवसांचा अभ्यासक्रम करावा. तो मान्यताप्राप्त संस्थेचा आहे ना हे विचारा, कारण शनिवार-रविवारात घरबसल्या प्रमाणपत्र विकणारे खूप झाले आहेत. त्या प्रमाणपत्रानं तुम्ही लीड ऑडिटर होत नाही, फक्त शिकाऊ म्हणून मागे चालायला पात्र होता. लिहायची सवय लावा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. 'पाणी घाण होतं' असं लिहिलं तर कुणी हलत नाही. 'मंगळवारी साडेअकराला नळ क्रमांक दोनवर सामू ३.८' असं लिहिलं की खुर्च्या हलतात. आणि ऑपरेटरशी त्याच्या बोलीत बोलता आलं पाहिजे. इथे आपल्याला फायदा आहे. कोकणी, दखनी, खानदेशी, हिंदी, यातलं काही ना काही आपल्या घरात असतंच, आणि कारखान्यातलं खरं कधीच इंग्रजीत सांगितलं जात नाही.

आपल्याला म्हणताना मला एक बोचरी गोष्ट सांगायची आहे. सच्चर समितीच्या अहवालातले आकडे आपल्या कार्यक्रमांत सगळ्यांना तोंडपाठ असतात. कचराडेपोच्या शेजारी, सायझिंगच्या धुराखाली, नाल्याच्या काठी कोण राहतं हेही आपण सांगतो. पण आपल्या मोहल्ल्याशेजारच्या कारखान्याचं कन्सेंट वाचलेला एक माणूस दाखवा म्हटलं की शांतता. गोवंडीच्या रहिवाशांनी जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०२३ मध्ये न्यायालयानं तो प्रकल्प तिथून हलवायला सांगितलं. अशी लढाई नुसत्या घोषणांवर कोर्टात उभी राहत नाही. तारखा, मोजमापं आणि अटी वाचणारं कुणीतरी लागतं. आणि ते वाचणारा ऑडिटर झाला म्हणून मोहल्ल्याचा वकील होत नाही, हेही लक्षात ठेवा. शेजारच्या शेडमध्ये प्लास्टिक वितळवणारा तुमचा स्वतःचा मामू असला तरी मोजमाप तेच यायला हवं. सोप्पं नाही. माझ्या चुलत भावाला त्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी आहे. मी ऑडिट शिकतोय कळल्यावर तो महिनाभर माझ्याशी नीट बोलला नव्हता. "तुला खाडी दिसते, मला माझा हप्ता दिसतो," असं तो म्हणाला, आणि त्याला द्यायला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. एवढंच सांगितलं की ईटीपी चालवणाऱ्या कारखान्यात माणसं जास्तच लागतात, कमी नाही.

त्या पाइपच्या कारखान्यात मी पुढच्या वर्षी गेलो नाही. दुसरी टीम गेली. काय लिहिलं ते मला कळलं नाही.

अब्बा आता पाण्यात उतरत नाहीत, गुडघे दुखतात. दिवाळीच्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या दोन मुली आणि भोईवाडीतला एक मुलगा घरी येणार आहेत, तिघंही बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला. माहिती अधिकारात मागवलेले तीन कारखान्यांचे तीन वर्षांचे फॉर्म पाच आले आहेत. ओटीवर बसून पाण्याचा रकाना आणि गाळाचा रकाना शेजारी शेजारी मांडायचे आहेत. अब्बांनी कॅल्क्युलेटर मागून घेतला आहे, बेरजा ते करणार म्हणतात.